बाहेरचा ताल, आतली लय

मुलांनो, पुणे शहराच्या भोवती टेकड्या आहेत, हे तुम्ही भूगोलात वाचले असेल. सूर्योदयापूर्वी पर्वतीच्या पायऱ्यांवर, वेताळ टेकडीवर किंवा तळजाईच्या वनात गेल्यास व्यायामासाठी आलेली पुष्कळ माणसे तेथे दिसतात. कोणी झपझप चालतो, कोणी धावतो, कोणी मोकळ्या जागी सूर्यनमस्कार घालतो. आजोबा-आजींचे एखादे मंडळ वडाच्या सावलीत हातपाय हलवीत असते. यांतील कित्येकांच्या कानांत इयरफोन असतो. कोणी भूपाळी ऐकतो, कोणी अभंग, तर कोणी चित्रपटातील चढ्या चालीचे गाणे. काही जण मात्र कानांत काहीही न घालता आपल्या वाटेने चाललेले असतात.

आपणही शाळेत व्यायाम करतो. कवायतीच्या वेळी ढोल वाजतो, योगासनांच्या वेळी मात्र गुरुजी 'शांत राहा' म्हणतात. असे का बरे? व्यायामाला संगीताची साथ असावी की नसावी? हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. त्याचा विचार करण्यासाठी आपण प्रथम एका परदेशी व्यायामाकडे वळू. कारण त्याच्या बाबतीत हा प्रश्न फार नेमकेपणाने उभा राहतो.

चीन देशात 'ताई ची' नावाचा एक व्यायामप्रकार आहे. मुळात ती युद्धकला. चीनच्या हनान प्रांतातील चेन घराण्याच्या गावाशी तिच्या इतिहासाचे जवळचे नाते आहे. आज जगभर लोक ती करतात, ती मुख्यतः आरोग्यासाठी. आपल्या पुण्यातही ती शिकविली जाते. २०२० साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत तिची नोंद केली. या व्यायामात उड्या नाहीत, धावपळ नाही. गुडघे किंचित वाकवून, पाठ ताठ ठेवून, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर अगदी सावकाश न्यावयाचा. हात पाण्यातून फिरावेत तसे हवेतून फिरतात. एक हालचाल संपली हे कळण्यापूर्वीच दुसरी सुरू झालेली असते. तिच्या हालचालींना नावेही गमतीची आहेत. एकीचे नाव 'पांढरा बगळा पंख पसरतो', तर दुसरीचे 'ढगांसारखे हात'. १९५६ साली चीनमध्ये सामान्य लोकांसाठी २४ हालचालींचा एक सोपा क्रम तयार करण्यात आला. तो पूर्ण करण्यास पाच-सहा मिनिटे पुरतात.

चीनमधील उद्यानांत सकाळी ताई ची करणारे अनेक गट संथ संगीत लावतात. बासरीचे किंवा तंतुवाद्याचे सूर चालू असतात आणि पन्नास माणसांचे हात एकदम वर जातात. पण याच विद्येचे काही शिक्षक संगीत लावू देत नाहीत. ते सांगतात, 'प्रथम आपला श्वास ऐका.' दोन्ही पक्षांची माणसे मनापासून व्यायाम करणारी आहेत. मग खरे कोणाचे? याचा निवाडा करण्यासाठी चीनपर्यंत जाण्याचे कारण नाही. शरीर आणि ताल यांचे नाते आपल्या महाराष्ट्राने फार पूर्वीपासून अनेक रीतींनी जोडलेले आहे. त्यांतील काही रीती आपण पाहू.

पहिली आपल्या सर्वांच्या ओळखीची लेझीम. लाकडी दांडा, त्याला जोडलेली लोखंडी साखळी आणि साखळीत ओवलेल्या पातळ चकत्या, असे तिचे रूप आहे. पूर्वी आखाड्यांत धनुष्यासारख्या वाकणाऱ्या कामटीला दोरीऐवजी लोखंडी साखळी लावीत आणि ती ओढून हातांची व छातीची ताकद वाढवीत. व्यायामाचे हे साधन पुढे तालाचे साधन बनले. लेझीम खेळताना हलगी किंवा ढोल वाजतो. ठेका सुरू झाला की खेळणाऱ्याचे पाऊल आपोआप उचलले जाते. पुढे वाकणे, उठणे, बाजूला झुकणे, अर्धे बसणे, या सर्व हालचाली ठेक्यात होतात आणि चकत्यांचा आवाज एकाच क्षणी उठतो. पुण्याच्या गणेशोत्सवातील मिरवणुकीत शाळांची पथके हा खेळ खेळतात. १९८२ साली दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, तेव्हा उद्घाटनाच्या समारंभात महाराष्ट्रातील लेझीमपथकाने आपला खेळ दाखविला होता. शेकडो खेळाडूंना इतक्या मोठ्या मैदानावर एकाच क्षणी एकच हालचाल करावयास लावणे तोंडी हुकमाने कठीणच. ढोलाचा ठेका मात्र ते सहज करवितो.

यावरून संगीताचा पहिला उपयोग ध्यानी येतो. अनेक शरीरांना एकत्र बांधण्याचे काम ताल करतो. सैनिकांच्या संचलनात बँड वाजतो तोही यासाठीच. जपानमध्ये १९२८ साली नभोवाणीवरून व्यायामाचा कार्यक्रम सुरू झाला. पियानोच्या चालीवर सांगितलेले सोपे व्यायाम देशभरातील माणसे आपापल्या गावी एकाच वेळी करू लागली. आजही तेथे तो कार्यक्रम चालतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलेही त्यासाठी सकाळी एकत्र जमतात.

संगीताचा दुसरा उपयोग म्हणजे ते श्रमाचा विसर पाडते. न्यूयॉर्क शहरात पूर्वी सहा दिवस चालणाऱ्या सायकलींच्या शर्यती होत. त्या पाहताना लेनर्ड एअर्स नावाच्या अभ्यासकाच्या मनात एक शंका आली. प्रेक्षकांसाठी बँड वाजत असतो, त्याचा सायकलस्वारांवर काही परिणाम होत असेल काय? त्याने वेळ मोजली. बँड वाजत असताना स्वारांचा सरासरी वेग ताशी सुमारे ३१.५ किलोमीटर भरला आणि बँड थांबलेला असताना सुमारे २८.८ किलोमीटर. १९११ साली त्याने हे निरीक्षण प्रसिद्ध केले. तेव्हापासून आजवर अनेक शास्त्रज्ञांनी या विषयाचा अभ्यास केला आहे. एकाच प्रकारची हालचाल पुनःपुन्हा करावयाची असते, तेव्हा योग्य तालाचे संगीत कानांवर असल्यास थकवा कमी जाणवतो, असे त्यांना आढळले.

आपल्या वारकऱ्यांना हे सांगण्यास कोणा शास्त्रज्ञाची गरज पडली नाही. ज्येष्ठ महिन्यात आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांची आणि देहूहून तुकाराम महाराजांची पालखी निघते. दोन्ही पालख्या पुण्यात मुक्काम करतात. पुढे ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते. घाटाची चढण मोठी, वर कधी ऊन तर कधी पाऊस. परंतु टाळमृदंगाचा गजर चालू असतो आणि साठी ओलांडलेली माणसेही अभंग म्हणत घाट चढतात. पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट अशी पायी काटली जाते. येथे भक्तीचे बळ तर आहेच. पण पावलाला टाळाची साथ आहे, हेही विसरून चालणार नाही.

आतापर्यंतचे वाचून तुम्ही म्हणाल, 'मग प्रश्न सुटला! संगीत असावे, हेच उत्तर.' थोडे थांबा. आता दुसरी रीत पाहू.

पूर्वी खेडोपाडी पहाटेच्या अंधारात घरोघरी जाते फिरू लागे. एक बाई किंवा समोरासमोर बसलेल्या दोघीजणी जात्याचा खुंटा धरून दळीत आणि दळता दळता ओव्या म्हणत. पुण्यातील हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोन अभ्यासकांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. हा मोठाच ठेवा आहे. आता विचार करा. ओवी म्हणणाऱ्या बाईला ठेका कोण देत असे? तेथे ढोल नव्हता, हलगी नव्हती. जात्याचा दगड जड असला, तर फेरा सावकाश होई आणि ओवीही सावकाश चाले. वैरण घालण्यासाठी हात क्षणभर अडला, तर सूरही क्षणभर थांबे. बाई दमली, तर चाल आपोआप मंद होई. म्हणजे गाणे शरीराच्या मागून चालत होते. बाहेरून आलेल्या गाण्यामागे शरीराला ओढत नेण्याचा प्रकार तेथे नव्हता.

हा भेद नीट लक्षात ठेवा. लेझिमीत ढोल पुढे आणि शरीर मागे. जात्यावर शरीर पुढे आणि गाणे मागे. दोन्ही ठिकाणी ताल आहे. परंतु कोण कोणाचे ऐकतो, हे निराळे आहे. इयरफोनमधील गाण्याला तर तुमचा हात अडला किंवा तुम्हांला धाप लागली, हे कळतच नाही. ते आपल्या गतीने वाजत राहते. तुम्ही मागे पडलात, तरी ते थांबून तुमची वाट पाहणार नाही.

आता सूर्यनमस्कार घ्या. सातारा जिल्ह्यातील औंध या जुन्या संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) यांनी सूर्यनमस्कारांचा मोठा प्रसार केला. पुण्याचा एक भागही औंध या नावाने ओळखला जातो. हे औंध त्याहून वेगळे. भवानराव स्वतः नियमाने नमस्कार घालीत आणि आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी हा व्यायाम सुरू केला. ते उत्तम चित्रकार होते आणि कीर्तनही करीत. सूर-तालाची गोडी असलेल्या या राजाने नमस्काराला साथ दिली ती मंत्राची. सूर्याचे नाव घ्यावयाचे आणि नमस्कार घालावयाचा. अंग मागे झुकते तेव्हा छाती फुगते आणि श्वास आत येतो. पुढे वाकतो तेव्हा पोट दाबले जाते आणि श्वास बाहेर पडतो. नमस्काराची गती ठरते ती या श्वासाने. ज्याचा श्वास लांब, त्याचा नमस्कार सावकाश. म्हणून शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन मुलांचे नमस्कार अगदी एकाच क्षणी संपतीलच असे नाही, आणि त्यात काही चूकही नाही.

मोठा माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारणतः १२ ते २० वेळा श्वास घेतो. मुलांचा श्वास याहून थोडा जलद असतो. हृदय, फुप्फुसे, पोट ही इंद्रिये आपल्या हुकमाची वाट न पाहता काम करीत राहतात. त्यांतील श्वास मात्र असा आहे की, तो आपोआप चालतो आणि आपण मनात आणले तर त्याला सावकाशही करता येते. म्हणूनच योगाभ्यासात आणि ताई चीसारख्या संथ व्यायामात श्वासाला एवढे महत्त्व आहे.

संगीताचा श्वासावर काय परिणाम होतो, याचाही शास्त्रज्ञांनी शोध घेतला आहे. इटलीतील लुचानो बेर्नार्दी आणि त्यांचे सहकारी यांनी एक प्रयोग केला. १२ संगीतकार आणि संगीत न शिकलेली १२ माणसे यांना त्यांनी निरनिराळ्या प्रकारचे संगीत ऐकविले. त्यात भारतीय रागसंगीतही होते. संगीताची गती वाढली की ऐकणाऱ्यांचा श्वास जलद होई. रक्तदाब व नाडीही वाढे. गती संथ असता परिणाम कमी होई. परंतु सर्वांत नवलाची गोष्ट निराळीच होती. या प्रयोगात मध्येच दोन मिनिटे संगीत बंद ठेवले होते. त्या शांततेत नाडी आणि रक्तदाब संगीत सुरू होण्यापूर्वी होते त्याहूनही खाली आले! १९९०च्या दशकानंतरच्या संशोधनातील हा एक लक्षात राहण्याजोगा प्रयोग असून तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वी २००१ साली याच शास्त्रज्ञांनी दाखविले होते की, ख्रिस्ती लोकांची जपमाळेवरील प्रार्थना किंवा योगातील मंत्र संथपणे म्हटला असता श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरते. मंत्र म्हणणाराच तेथे आपला ताल धरतो, जात्यावरच्या बाईप्रमाणेच.

या ठिकाणी पुण्यातील एका थोर योगगुरूंची आणि एका जगप्रसिद्ध वादकाची गोष्ट सांगितली पाहिजे.

बेल्लूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार यांचा जन्म १९१८ साली कर्नाटकात झाला. लहानपणी त्यांची प्रकृती फार नाजूक होती. योगाभ्यासाने ती सुधारली. १९३७ साली ते योग शिकविण्यासाठी पुण्यास आले, ते सहा महिन्यांच्या बोलीवर. पण पुढे पुणे हेच त्यांचे घर झाले. १९५२ साली यहुदी मेन्युहिन हे विख्यात व्हायोलिनवादक भारतात आले होते. मेन्युहिन यांनी लहान वयातच नाव मिळविले होते. तुमच्याच वयाचे, म्हणजे १२ वर्षांचे असताना, १९२९ साली बर्लिन शहरात त्यांनी बाख, बेथोवन आणि ब्राह्म्स या तीन थोर संगीतकारांच्या रचना एकाच मैफलीत वाजविल्या होत्या. परंतु एवढ्या मोठ्या वादकाचे शरीर वर्षानुवर्षांच्या श्रमाने ताठरले होते आणि त्यांना नीट विश्रांती मिळत नव्हती. मुंबईत त्यांची आणि अय्यंगार गुरुजींची भेट झाली. गुरुजींनी त्यांना डोळे व कान यांना विश्रांती देण्याची एक रीत करावयास लावली आणि मेन्युहिन यांना गाढ झोप लागली. तेव्हापासून ते गुरुजींचे शिष्य झाले. १९५४ साली त्यांनी गुरुजींना स्वित्झर्लंडला बोलाविले आणि एक घड्याळ भेट दिले. 'माझ्या सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षकास' अशा अर्थाचे शब्द त्या घड्याळावर कोरलेले होते.

अय्यंगार गुरुजींनी मेन्युहिन यांना व्हायोलिन शिकविले नव्हते. त्यांनी शिकविले ते उभे राहणे, खांदे सैल सोडणे आणि श्वास घेणे. तरीही मेन्युहिन यांना वाटले की आपले वादन सुधारले ते या शिक्षणाने. ज्याचे सारे आयुष्य सुरांत गेले, त्याला आपल्या सुरासाठी आधी आपल्या शरीराकडे लक्ष द्यावे लागले. गुरुजींच्या 'लाइट ऑन योगा' या १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाला मेन्युहिन यांचीच प्रस्तावना आहे. १९७५ साली पुण्यातील शिवाजीनगर भागात गुरुजींची योगसंस्था उभी राहिली. तिला त्यांच्या पत्नी रमामणी यांचे नाव दिलेले आहे. २०१४ साली गुरुजी पुण्यातच निवर्तले. पण त्यांच्या संस्थेत आजही देशोदेशींचे विद्यार्थी येतात.

आता आपण मूळ प्रश्नाकडे परत येऊ. आपल्या भाषेतील 'लय' हा शब्द या कामी आपल्याला मदत करील. संगीतात लय म्हणजे गती: विलंबित, मध्य आणि द्रुत. विलंबित लयीत दोन मात्रांमध्ये एवढे अंतर असते की, नवख्या श्रोत्याला ताल कोठे गेला हेच कळत नाही. गवयाला मात्र तो आतून कळत असतो; म्हणूनच तो न चुकता समेवर येतो. 'लय' या शब्दाचा दुसरा अर्थ आहे विलीन होणे, मिसळून जाणे. मन एखाद्या गोष्टीत लय पावले, असे आपण म्हणतो. ताई ची करणाऱ्याचे हात आणि श्वास एकमेकांत मिसळतात, तेव्हा लय या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात. त्याची गतीही लय असते आणि त्याचे मग्न होणेही.

असा व्यायाम करताना बाहेरून एखादे गाणे मोठ्याने वाजू लागले, तर काय होईल? शरीरापुढे दोन मालक उभे राहतील. श्वास म्हणेल, 'सावकाश'; गाणे म्हणेल, 'चल लवकर'. आणि आपल्याला अनुभव आहे की, कानावर पडणारा ठेका बहुधा जिंकतो. गुडघ्यात कळ आली, पाऊल वाकडे पडले, श्वास कोंडला, तरी गाण्याच्या नादात ते लक्षात येत नाही. श्रमाचा विसर पाडणे हा सायकलस्वाराच्या बाबतीत संगीताचा गुण होता. संथ व्यायामात मात्र शरीराकडे लक्ष देणे हाच व्यायामाचा गाभा असतो. तेथे तोच गुण आड येतो.

म्हणून आपण असा निर्णय करू. अनेकांनी मिळून एक व्हावयाचे असेल, किंवा लांबची वाट चालावयाची असेल, तर ताल अवश्य घ्यावा. तोल, श्वास आणि सावधपणा शिकावयाचा असेल, तर संगीत बाजूला ठेवून आपला श्वास ऐकावा. व्यायामापूर्वी मन स्थिर करण्यासाठी किंवा तो संपल्यावर विसाव्यासाठी सुंदर राग ऐकण्यास काहीच हरकत नाही.

मात्र संगीत लावणाऱ्यांना हसू नये. त्यांच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. कित्येक वृद्ध माणसे एकाकी असतात. उद्यानातून येणारा संथ सूर ऐकून त्यांची पावले तिकडे वळतात, चार माणसे भेटतात आणि व्यायामाची सवय लागते. नवशिक्या माणसाला हालचाल किती सावकाश करावी हे कळत नाही. संथ संगीत त्याला आवर घालते. शहरातील वाहनांच्या गोंगाटापेक्षा बासरी केव्हाही बरी! लहान मूल चालावयास शिकते तेव्हा आपण त्याला पांगुळगाडा देतो. तो देणे चुकीचे आहे काय? मुळीच नाही. पण पाय भक्कम झाल्यावरही मूल पांगुळगाडा सोडीना, तर आईला काळजी वाटेल. संथ व्यायामातील संगीताचेही तसेच आहे. आधार म्हणून ते घ्यावे, आणि एखाद्या दिवशी ते बंद करून आपण त्याच्याविना चालू शकतो की नाही, हे पाहावे.

हे सर्व केवळ वाचून मान्य करू नका. स्वतः करून पाहा. सकाळी अनशापोटी पाच सूर्यनमस्कार सावकाश घाला. संगीत लावू नका. एकूण किती श्वास झाले, ते मनात मोजा आणि वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी द्रुत चालीचे गाणे लावून पाच नमस्कार घाला आणि पुन्हा मोजा. तिसऱ्या दिवशी गाणे विलंबित लयीचे घ्या. मग भिंतीजवळ उभे राहून वृक्षासन करा. एका पायावर किती वेळ तोल राहतो, ते संगीतासह आणि संगीताविना पाहा. आपला कान ऐकण्याखेरीज आणखी एक काम करतो. त्याच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. डोके कोणत्या बाजूला वळले, हे त्या मेंदूला कळवितात आणि त्यामुळे आपला तोल सावरला जातो. ज्या कानाने आपण गाणे ऐकतो, तोच कान आपल्याला उभेही ठेवतो! आठवडाभराच्या नोंदी मित्रांच्या नोंदींशी ताडून पाहा. सर्वांचे आकडे सारखे येणार नाहीत. तुमचा श्वास तुमचा आहे आणि मित्राचा मित्राचा.

एक गोष्ट मात्र सर्वांनी पाळावयाची. रस्त्यावर चालताना किंवा धावताना दोन्ही कानांत इयरफोन घालू नये. मागून येणाऱ्या वाहनाचा कर्णा ऐकू आला नाही, तर अनर्थ ओढवतो.

गाणे ऐकण्याची आणि गाण्याची हौस तुम्ही जन्मभर जोपासा. लेझिमीच्या मैदानात ढोलावर मनसोक्त नाचा. पण दिवसातून थोडा वेळ असाही काढा की, जेव्हा कोणतेही वाद्य वाजत नाही. तेव्हा छातीवर हात ठेवून पाहा. तुमच्या जन्माआधीपासून जो ताल अखंड चालू आहे, तो तुमच्या हाताला लागेल.

स्वाध्याय

१. लेझीम खेळताना आणि जात्यावर दळताना ताल व शरीर यांच्या नात्यात कोणता भेद आहे?
२. 'लय' या शब्दाचे पाठात आलेले दोन अर्थ सांगा व प्रत्येकाचे एक वाक्य करा.
३. मेन्युहिन यांनी अय्यंगार गुरुजींना व्हायोलिनशिक्षक का म्हटले असेल?
४. सायकलस्वारांना उपयोगी पडणारा संगीताचा गुण संथ व्यायामात आड का येतो?
५. लेखकाने संगीताला पांगुळगाड्याची उपमा दिली आहे. ती तुम्हांला पटते काय? कारण द्या.
६. तुमच्या आजीला किंवा शेजारच्या वृद्ध स्त्रीला जात्यावरच्या ओव्यांविषयी विचारा आणि मिळालेली माहिती आठ-दहा ओळींत लिहा.